हातात घ्या, पण ठेवू नका: फुटीचे पहिले धडे

एप्रिल आला की मेलबर्नच्या उपनगरांतल्या मैदानांवर क्रिकेटची खेळपट्टी झाकली जाते आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब दिसू लागतात. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. टार्नीट, पॉइंट कुक या भागांत आता मराठी घरं भरपूर आहेत. सुट्टीच्या सकाळी मुलांना ऑसकिकला, म्हणजे लहानांच्या फुटीच्या वर्गाला, घेऊन आलेले आईबाबा कुंपणाशी उभे राहतात आणि पहिले काही आठवडे एकच गोष्ट विचारतात: "हातातही धरतात, पायानंही मारतात, एकमेकांना पाडतातसुद्धा. मग शिट्टी नेमकी कशाची वाजते?"

याचं उत्तर एका वाक्याचं आहे. ते आधी डोक्यात बसलं की निम्मे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, म्हणजे इथे सगळे म्हणतात त्या फुटीमध्ये, चेंडू हातात घ्यायला पूर्ण मुभा आहे, ठेवून घ्यायला नाही. घेऊन पळायचं तर निदान दर 15 मीटरला तो जमिनीला लावावा लागतो. कुणी आवळलं की सोडावा लागतो. सोडताना फेकता येत नाही. पायाने मारायचा, नाहीतर मुठीने. हातात धरून निवांत उभं राहायची सवलत फक्त मार्क घेतल्यावर (म्हणजे किक झेलल्यावर) किंवा फ्री किक (समोरच्याने नियम मोडल्यामुळे मिळणारी बिनअडथळ्याची किक) मिळाल्यावर, आणि तीही काही सेकंदांची. म्हणून आम्ही शिकवायला सुरुवात करतो ती चेंडू हातातून कसा सोडायचा इथून. पळणं, उड्या मारणं मुलांना येतंच.

चेंडू आधी नीट निवडा. मोठ्या पुरुषांचा चेंडू 5 नंबरचा असतो. लांबीच्या बाजूने त्याचा घेर 720 ते 730 मिलिमीटर, आडव्या बाजूने 545 ते 555, आणि हवेचा दाब 62 ते 76 किलोपास्कल. बायकांच्या एएफएलडब्ल्यू स्पर्धेत 4 नंबरचा वापरतात. लहान मुलांना 1 किंवा 2 नंबरचा द्यावा. "वाढत्या अंगाचा" म्हणून मोठा चेंडू घेऊन ठेवायची आपली सवय इथे नडते. सात वर्षांच्या मुलाच्या हातात 5 नंबरचा चेंडू मावत नाही, मग ते तो पोटाशी कवटाळतं आणि दोन्ही हातांनी एकदम सोडतं. ही खोड नंतर मोडायला एक अख्खा हंगाम जातो. हवा भरताना पंपाची सुई आधी ओली करून घ्या, कोरडी सुई आतली झडप फाडते. सरावाला सिंथेटिक चेंडू चालतो, पण ओल्या गवतावर चामड्याचा वेगळा वागतो, तेव्हा मॅचच्या आधी एकदा तरी चामड्याचा हाताळून बघावा. दिवसाच्या मॅचला लाल, रात्रीच्या मॅचला पिवळा, एवढाच त्या दोन रंगांचा अर्थ.

आता किक. प्रकार बरेच आहेत, पण नवशिक्याला एकच शिकायचा: ड्रॉप पंट. या किकमध्ये चेंडू हवेत टोकावर टोक असा उलटा, मारणाऱ्याच्या दिशेने फिरत जातो. त्या फिरकीमुळे तो सरळ राहतो आणि समोरच्याला झेलायला सोपा पडतो. सगळे म्हणतात किक पायाची. शिकवताना मात्र आम्ही पायाकडे जवळजवळ बघतच नाही. किक बिघडते ती हातात.

उजव्या पायाने मारणाऱ्याचं सांगतो, डावखुऱ्यांनी उलट घ्यावं. चेंडू उभा धरायचा, वरचं टोक किंचित आपल्या छातीकडे कललेलं. तळवे दोन्ही अंगांना, बोटं पसरलेली आणि खाली रोखलेली. उजवा तळवा जरा मागे, डावा जरा पुढे. चेंडूवरची लेस समोर ठेवायची सवय लावावी. जादू लेसमध्ये नाही, दर वेळी पकड तीच राहण्यात आहे. चेंडू पोटासमोर धरायचा नाही, उजव्या मांडीच्या रेषेत धरायचा. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते, कारण दोन हातांत धरलेली वस्तू आपोआप शरीराच्या मध्यावर येते.

शेवटचं पाऊल टाकताना डावा हात आधी सुटतो आणि बाजूने वर-मागे जातो. चेंडू आता एकट्या उजव्या हातात आहे. हा हात त्याला कंबरेच्या उंचीपर्यंत खाली नेतो आणि तिथे नुसता मोकळा करतो. वर उडवायचा नाही, पुढे ढकलायचा नाही, मनगटाने फिरवायचाही नाही. देवापुढे समई ठेवताना ती जशी अलगद, न हलू देता टेकवतो, तसा तो हात खाली जायला हवा. सुटलेला चेंडू त्याच कलाने, न वळता, पायापर्यंत पोहोचला की निम्मी किक झाली.

पाय त्या वेळी वर येत असतो. पंजा ताणलेला, बोटं पुढे रोखलेली, घोटा घट्ट. चेंडूचं खालचं टोक पायाच्या वरच्या भागावर, बुटाची नाडी बांधतो त्या कडक हाडावर लागलं पाहिजे. चेंडू-पायाची भेट गुडघ्याच्या खाली, नडगीच्या उंचीवर होते. फटका बसल्यावर पाय थांबवायचा नाही, लक्ष्याच्या दिशेने सरळ वर जाऊ द्यायचा. डोकं खाली, नजर चेंडूवर, छाती थोडी पुढे झुकलेली. चेंडू कुठे गेला हे बघायची घाई झाली की मान वर होते, मानेबरोबर धड मागे जातं आणि चेंडू पतंगासारखा वर चढून दहा मीटरवर पडतो.

हे सगळं किक न मारताही तपासता येतं. पकड घ्या, डावा हात सोडा, उजव्याने चेंडू खाली नेऊन जमिनीवर पडू द्या. पाय उचलायचा नाही. चेंडू खालच्या टोकावर पडून उसळला आणि तुमच्याच दिशेने परत आला, तर ड्रॉप बरोबर. डावीकडे पळाला तर डावा हात उशिरा सुटला, म्हणून चेंडू मांडीवरून आत सरकला. पुढे घरंगळला तर वरचं टोक छातीकडे नव्हतं, समोर कललं होतं. पसरट पडून आडवा झाला तर मनगट फिरलं. आधी असे वीस ड्रॉप, मग वीस छोट्या किक, हा क्रम पाळला तर पंधरा दिवसांत फरक दिसतो. मुलांना याचा कंटाळा येतो हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे गवतावर पांढऱ्या रेषेचा तुकडा शोधायचा आणि चेंडू बरोबर त्या रेषेवर पाडायची पैज लावायची.

खऱ्या किकमधल्या चुकांची कारणंही बघू. चेंडू पंख्यासारखा आडवा गरगरला तर तो पायावर टोकाने न लागता कुशीवर लागला आहे. चेंडू डावीकडे वळत गेला तर पाय सरळ न येता बाहेरून वळसा घालून आला. सॉकर खेळलेल्या मुलांचं हेच होतं, कारण तिथे पाय तिरका आणून आतल्या बाजूने मारायची सवय असते. चेंडू खाली सुळकन गेला तर तो फार पुढे सोडला होता. बुटाच्या टोकाला लागला तर घोटा सैल होता. आणि जोराच्या वाऱ्यात सगळ्यांचीच किक बिघडते. त्यावर इलाज एकच, चेंडू आणखी खालून सोडायचा. हातापासून पायापर्यंतचं अंतर जेवढं कमी, तेवढी वाऱ्याला संधी कमी.

जोडीत सराव करताना अंतर 10 मीटरपासून धरावं. दहापैकी आठ किक समोरच्याच्या छातीवर गेल्या की 15, मग 20. बाबा लोक पहिल्याच दिवशी मुलाला 30 मीटरवर उभं करतात. जोर लावला की चेंडू वर उडवला जातो, आणि उडवायची सवय सर्वांत चिवट. दुसऱ्या पायालाही पहिल्या आठवड्यापासून निदान पाव भाग वेळ द्या. मॅचमध्ये उजव्या बाजूने कुणी अंगावर आलं की डावाच पाय उरतो.

हँडबॉल तुलनेने लवकर येतो, पण क्रिकेट खेळलेल्यांना तोच आधी अडवतो. थ्रो करायला हात शिवशिवतात, आणि फुटीत थ्रो म्हणजे थेट विरुद्ध संघाला फ्री किक. नियम असा: एका हाताच्या तळव्यावर चेंडू ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने तो मारायचा. चेंडू धरलेला हात त्याला ढकलायला लागला तर तो थ्रोच ठरतो. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावा तळवा आडवा करायचा, चेंडूचं एक टोक लक्ष्याकडे ठेवायचं, डावा पाय पुढे टाकायचा आणि गुडघे वाकवायचे. मूठ वळताना अंगठा बाहेर ठेवायचा. अंगठा मुठीत कोंबला की तो दुखावतो, आणि मारायला सपाट जागाही मिळत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो सपाट भाग तयार होतो, त्याने चेंडूचं मागचं टोक मध्याच्या थोडं खाली मारायचं. हात मागून पुढे झोक्यासारखा यावा. चेंडू निघून गेल्यावर मूठ रिकाम्या तळव्यात येऊन थांबली तर झोका सरळ होता असं समजावं. सुरुवात 3 मीटरवरून. भिंत असेल तर एकट्यालाही सराव होतो: भिंतीवर खडूने वही एवढा चौकोन काढा आणि दोन्ही हातांनी आलटून पालटून त्यात मारा.

आता झेल. फुटीतल्या झेलाला मार्क म्हणतात. किक निदान 15 मीटर आली, मध्ये कुणाचा हात लागला नाही आणि चेंडू ताब्यात आला, की पंच शिट्टी वाजवतो. मग त्या खेळाडूला कुणी हात लावायचा नाही. तिथून तो शांतपणे किक मारू शकतो. किक आपल्याच माणसाची असायला हवी असं नाही. विरोधकाची किक झेलली तरी मार्क मिळतो, हे नवख्यांना उशिरा कळतं आणि तोवर ते सोपे झेल नुसते थोपवत राहतात.

क्रिकेटमध्ये झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे न्यायचे हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. ते इथे उपयोगी पडत नाही. चेंडू मोठा आहे, कडक नाही, आणि आपल्या पाठीशी दुसरा माणूस मूठ उगारून उभा आहे. हात मागे घेतले की चेंडू त्याच्या आवाक्यात जातो. फुटीत चेंडूला सामोरं जायचं. डोक्यावरचा मार्क घेताना हात पुढे-वर ताणलेले, दोन्ही अंगठे जवळजवळ चिकटलेले, बोटं पसरलेली. अंगठे आणि तर्जन्या मिळून इंग्रजी डब्ल्यू दिसला पाहिजे. चेंडू कपाळाच्या पुढे, वर, बोटांनी घ्यायचा, तळव्यांनी नाही. तळव्यावर आदळला की तो उसळतो. अंगठे लांब राहिले तर चेंडू मधून नाकावर येतो, आणि एकदा नाकावर बसला की मूल पुढचा महिनाभर डोळे मिटून घेतं. म्हणून पहिले मार्क हलक्या चेंडूने, हाताने टाकून द्यावेत. खाली येणाऱ्या चेंडूसाठी छातीवरचा मार्क आहे: कोपरं एकमेकांजवळ, हाताचे तळवे वर, चेंडू छातीशी लागला की दोन्ही हातांनी खालून मिठी. पावसात तोच भरवशाचा.

बाउन्स हा नवख्यांना चमत्कार वाटतो: लांबट चेंडू पळता पळता आपटायचा आणि तो परत हातात! यामागचं तंत्र वर सांगितलेल्या ड्रॉपचंच आहे. चेंडूचं पुढचं टोक खाली, मागचं टोक आपल्याकडे वर कललेलं. चेंडू त्या खालच्या टोकावर पडला की उलटा फिरतो आणि मागे, पळणाऱ्याच्या हाताकडे येतो. तळवा चेंडूच्या वर आणि थोडा मागे ठेवून त्याला पुढे-खाली रेटायचं. साधारण पळताना चेंडू शरीरापुढे एक मीटरवर पडावा. वेग वाढला की त्याहून पुढे. फार जवळ आपटला तर आपणच त्याला ओलांडून पुढे जातो. आधी उभ्याने, मग चालत, मग हळू पळत. आणि हेही ध्यानात असू द्या की आपटायची सक्ती नाही. वाकून चेंडू जमिनीला टेकवला तरी नियम पुरा होतो. चिखलात शहाणे खेळाडू टेकवतातच.

जमिनीवरचा चेंडू उचलणं कुणी शिकवत नाही, आणि मुलांच्या मॅचमध्ये चेंडू निम्म्याहून जास्त वेळ जमिनीवरच असतो. कमरेतून वाकून, पाय ताठ ठेवून उचलायला गेलं की डोकं पुढे येतं आणि समोरून येणाऱ्याच्या कंबरेवर आपटतं. गुडघे वाकवायचे, चेंडू पावलांच्या बाजूला ठेवायचा, अंग थोडं तिरकं करायचं, दोन्ही करंगळ्या जुळवून बोटं चेंडूखाली सरकवायची. अंग तिरकं असलं की धक्का डोक्याला न बसता खांद्याला आणि कंबरेला बसतो.

टॅकलच्या बाबतीत कबड्डी खेळलेल्यांचा फायदाही होतो आणि तोटाही. फायदा असा की माणसाच्या अंगाला भिडायची भीती त्यांना नसते आणि पकडायची वेळ कळते. तोटा असा की कबड्डीतली सर्वांत हुकमी पकड, घोटा, इथे गुन्हा आहे. फुटीत टॅकल खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, एवढ्याच पट्ट्यात. मानेला हात लागला, पायात पाय घातला, पाठीत ढकललं, की फ्री किक गेली. कबड्डीतली कमरेची पकड मात्र जशीच्या तशी चालते. जवळ जाताना पावलं बारीक करायची, डोकं समोरच्याच्या बाजूला ठेवायचं, त्याच्या अंगापुढे कधीच नाही. खांदा त्याच्या कुशीत, दोन्ही हातांचा विळखा, आणि जमल्यास त्याचा एक हात विळख्यात अडकवायचा, म्हणजे त्याला हँडबॉल करता येत नाही. पाडताना त्याच्या पाठीवर पडायचं नाही, अंग फिरवून बाजूला पडायचं. लहान वयोगटांत टॅकल नसतोच. मोठ्यांनाही टॅकल नको असेल तर एएफएल नाइन्स आहे, एका बाजूला नऊ जण.

माउथगार्डशिवाय मैदानात उतरू देऊ नका. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा स्वस्तातला माउथगार्ड चालतो. तो बसवताना मुलाला ओठ मिटून गालांनी आत ओढायला सांगा, नुसतं चावायला सांगितलं तर तो दाढांखाली पातळ होतो आणि पुढचे दात उघडे राहतात. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तर त्या दिवशी पुन्हा मैदानात जायचं नाही, मूल कितीही "मी बरा आहे" म्हणालं तरी. स्थानिक पातळीवर असा खेळाडू 21 दिवसांच्या आत मॅच खेळत नाही, आणि परत येण्यासाठी डॉक्टरची परवानगी लागते. यात आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

आता शिट्टीकडे येऊ. कुंपणाबाहेर अख्खं पब्लिक "बॉऽऽल!" म्हणून ओरडतं तेव्हा ते होल्डिंग द बॉलची फ्री किक मागत असतं. पंच दोन गोष्टी बघतो. चेंडू हाती आल्यावर खेळाडूला तो मारायला किंवा वळून पळायला आधी वेळ मिळाला होता का? मिळाला असेल तर टॅकल होताक्षणी त्याने चेंडू किकने किंवा हँडबॉलने सोडलाच पाहिजे. हातातून निसटला तरी तो दोषी. वेळ मिळालाच नसेल, म्हणजे चेंडू घेताघेताच कुणी आवळलं असेल, तर सोडायचा खरा प्रयत्न केला एवढं पुरतं. प्रयत्न करूनही चेंडू सुटला नाही तर पंच तो वर टाकून खेळ पुन्हा सुरू करतो. उलट बाजूने, ज्याच्याकडे चेंडूच नाही त्याला धरून ठेवलं तर धरणारा दोषी. ऑफसाइड नावाची भानगड नाही. मैदानात कुणीही कुठेही उभं राहू शकतं. फक्त मध्यातून खेळ सुरू होताना मोठ्या स्पर्धेत 2019 पासून प्रत्येक संघाचे सहा जण पुढे, सहा मध्ये, सहा मागे असावे लागतात.

गुण मोजणं हे आपल्या लोकांना सर्वांत आधी जमतं. उंच खांबांमधलं अंतर 6.4 मीटर, त्यातून किक गेली की गोल, 6 गुण. उंच आणि बुटक्या खांबांच्या मधून गेली की बिहाइंड, 1 गुण. बिहाइंडचा पट्टाही दोन्हीकडे 6.4 मीटरचाच. गोल व्हायला चेंडू हल्ला करणाऱ्या संघाच्याच पायाने गेलेला हवा आणि वाटेत कुणाला स्पर्श झालेला नको. उंच खांबाला लागला, बोटाला लागला, बचाव करणाऱ्याने स्वतःच आत ढकलला, तर 1. बुटक्या खांबाला लागला तर चेंडू बाहेर. गोलपंचाने दोन्ही तर्जन्या पुढे केल्या की गोल, एक केली की बिहाइंड. मग तितकीच पांढरी निशाणं हलतात. फलकावर 11.14 (80) असं दिसलं तर 11 गोल, 14 बिहाइंड, एकूण 80. समोर 12.7 (79) असेल तर जास्त गोल करूनही तो संघ मागे आहे.

जागांची नावं नवख्याला गोंधळात टाकतात, कारण आकडे नसून नावं आहेत. तीन पाचे पंधरा हा पाढा पुरतो. गोलकडून गोलकडे पाच ओळी, प्रत्येकीत तिघे: फुल बॅकची, हाफ बॅकची, मधली, हाफ फॉरवर्डची, फुल फॉरवर्डची. कडेच्या जागांची नावं ओळीप्रमाणे बदलतात: अगदी टोकाला पॉकेट, हाफच्या ओळीत फ्लँक, मध्ये विंग. उरले तिघे चेंडूमागे फिरणारे: वर टाकलेला चेंडू उडी मारून टोलवणारा उंच रकमन, आणि तो खाली पडलेला वेचणारे रक रोव्हर आणि रोव्हर. झाले अठरा. एएफएलडब्ल्यूमध्ये सोळा असतात.

वाचून हे सगळं राहत नाही, बघून राहतं. एमसीजीला किंवा घराजवळच्या कुठल्याही मैदानावर एक अख्खी मॅच बघायला जा. एमसीजी ज्यात आहे त्याच यारा पार्कात 1858 मध्ये स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांची मॅच झाली, आणि पुढच्या वर्षी, 17 मे 1859 ला, टॉम विल्स आणि त्याच्या सोबतच्या क्रिकेटपटूंनी मेलबर्न क्लबचे पहिले दहा नियम लिहून काढले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं हा विल्सचा एक हेतू होता. खेळ चार क्वार्टरचा. पहिल्या क्वार्टरला चेंडूकडे न बघता फक्त किक मारणाऱ्याचे हात बघा: कोणता आधी सुटतो, चेंडू कुठल्या उंचीवरून खाली येतो. दुसऱ्याला फक्त पंच. दर शिट्टीला, चेंडू कुणी ठेवून घेतला की कुणाला नियमाबाहेर अडवलं, हे मनात आधी ठरवा आणि मग पंचाचा हात बघा. तिसऱ्याला एकच खेळाडू निवडा, शक्यतो तुमचं मूल खेळतं त्या जागेवरचा, आणि चेंडू शंभर मीटर दूर असताना तो कुठे सरकतो ते बघा. मैदान 135 ते 185 मीटर लांब असतं, त्यामुळे बहुतेक खेळाडूंचा बहुतेक वेळ चेंडूविना जातो. टीव्हीवर ते दिसत नाही.

चौथा क्वार्टर मोकळ्या मनाने बघा, फक्त शेवटच्या सायरनला उठून पार्किंगकडे पळू नका. सायरनच्या आधी कुणी मार्क घेतलेला असेल किंवा त्याला फ्री किक मिळाली असेल, तर सायरननंतरही त्याची किक बाकी असते. तो मागे जातो, पावलं मोजतो, चेंडू मांडीच्या रेषेत आणतो, आणि तो गोल झाला तर धरला जातो.